प्लेटांचा की दात्यांचा

२ मार्च

साडूभाऊ,

नमस्कार. माझं पत्र पाहून तुमच्या छातीत धस्स होईल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, घरी सगळी धडधाकट आहेत. जे काही झालंय ते गाडीला झालंय, आणि गाडीपेक्षा जास्त मला.

फोनच करणार होतो. पण बस डेपोच्या वर्कशॉपात जन्मभर हातोडे ऐकून तुमचे कान गेले. तुमच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि मी ओरडलो की स्वयंपाकघरात तुमच्या मेव्हणीला सगळं कळतं. तिला कळायला नको आहे. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवा, घरच्या नको.

तर त्याचं असं झालं. आमचं घर चढावर, आणि चढाच्या मधोमध ते वळण तुम्ही पाहिलंय. वरच्या टाकीचं पाणी झिरपून तिथे कायम शेवाळ असतं, आणि वळणाच्या आतल्या अंगाला गटाराचं झाकण खचून खळगा पडलाय. परवा बाजारातून येताना गाडी नेमकी तिथे अडकली. मागचं एक चाक गरगर फिरतंय आणि दुसरं ढिम्म. मी जितका जोर देतो तितकं ते फिरणारं आणखी फिरतं. धूर काय, वास काय! ही म्हणाली, मी उतरते, म्हणजे ओझं कमी होईल. उतरून ती मागे उभी राहिली. मी आणखी जोर दिला. चिखल उडाला. किती उडाला आणि कुठे उडाला ते लिहीत नाही, तुम्ही समजून घ्या.

वळणावरच दातांच्या डॉक्टरचा दवाखाना आहे. एकटा राहतो, आणि माझ्या गाडीवर त्याचा कधीपासूनचा डोळा आहे. तो ढकलायला धावत आला. पण एका हाताने ढकलत होता आणि दुसऱ्या हाताने डिकी थोपटत होता, जशी ती त्याचीच आहे.

ही चिखलानिशी पायी चढून माझ्या आधी घरी पोचली. हातपाय धुतले आणि म्हणाली, "आजपासून मी बसने जाणार. तुम्हाला वाटेल तेव्हा एकदा, फक्त एकदा, मी पुन्हा गाडीत बसेन. त्या वळणावर अडकली, तर दुसऱ्या दिवशी गाडी दातवाल्याच्या दारात." एवढं बोलून तिने भाजी चिरायला घेतली. ही ओरडली असती तर बरं झालं असतं हो. भाजी चिरत बोलते तेव्हा ती बोललेलं करूनच दाखवते.

साडूभाऊ, तिच्या बाजूची सीट मी तिच्या पाठीच्या मापाने शिवलीय. दुसरं कुणी बसलं तर त्याला टोचते. ती रिकामी सीट शेजारी घेऊन गाडी चालवताना मला काही सुचत नाही.

टायरवाला म्हणतो, मागच्या चाकांच्या मधे जो लोखंडी गोळा असतो तो बदला, लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवा. मी चौथी पास. उभा जन्म गाड्यांच्या सीटा शिवल्या. सीटेच्या खाली काय चालतं यात मी कधी पडलो नाही. हे काय असतं, कुठलं घ्यायचं, ते मला समजेल असं लिहा. ताईंना नमस्कार. त्यांनाही सांगू नका, त्या हिला फोन करतील.

तुमचा साडू


८ मार्च

सीटवाले,

पत्र पोचलं. ताईंना सांगू नका असं लिहिलंत, पण मला चष्मा सापडत नव्हता, त्यामुळे पत्र तिनेच वाचून दाखवलं. आता ती बहिणीला फोन करते की नाही हे माझ्या हातात नाही.

नीट वाचा. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. दोघांना वेगळं फिरता यावं म्हणून तो गोळा. पण साधा गोळा आळशी आहे. जे चाक सहज फिरतं त्याला फिरवत बसतो, आणि ज्याला फिरवायला कष्ट पडतात त्याच्या वाट्याला जात नाही. तुमचं एक चाक खळग्यात लोंबकळत होतं, सगळी ताकद तिकडे गेली. लिमिटेड स्लिप म्हणजे या आळशी गोळ्याला शिस्त लावणं. एक चाक उधळलं की तो दुसऱ्यालाही कामाला जुंपतो.

प्रकार बरेच आहेत, तुमच्या कामाचे दोन. एक प्लेटांचा. आत चकत्या असतात, त्या एकमेकींवर दाबून बसवलेल्या. चाक हवेत असलं तरी त्या दुसऱ्याला ओढतात. ऑइल वेगळं लागतं, चकत्या झिजतात, कधीतरी बदलाव्या लागतात. दुसरा दात्यांचा. आत सगळे तिरके दाते, झिजत नाही, गुळगुळीत चालतो. नव्या पोरांना तो आवडतो. मला आवडत नाही. कुणी तुम्हाला गोळा वेल्डिंग करून पक्का जाम करा असं सांगेल. आमच्या डेपोत ओढगाडीला केला होता. आयुष्यात पुन्हा वळायचंच नाही असं ठरवलं असेल तर उत्तम आहे.

प्लेटांचा घ्या. विषय संपला.

मेव्हणीवर चिखल उडवलात हे तुम्ही समजून घ्या म्हणालात. मी समजून घेतलं. इकडे ताईने मात्र समजून घेतलेलं नाही.

साडू


१५ मार्च

साडूभाऊ,

ताईंनी फोन केलाच. हिने फोन ठेवला आणि मला विचारलं, "गोळा कसला?" मी म्हणालो, औषधाचा. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बसचा पास शोधायला गेली.

तुमचं पत्र मी सात-आठदा वाचलं. विषय संपला असं तुम्ही लिहिलंत, पण माझा तिथूनच सुरू होतो. गावातल्या गिअरवाल्याकडे गेलो होतो. जाडजूड माणूस, खुर्चीतून न उठता बोलतो. त्याच्याकडे दोन्ही प्रकार मिळतात. त्याने एक प्लेटांची गाडी अंगणात हळूहळू गोल फिरवून दाखवली. साडूभाऊ, मागून कट्‌ कट्‌ कर्र असा आवाज! मला वाटलं काहीतरी तुटलं. तो म्हणाला, हळू वळताना होतो आवाज, ऑइलात एक औषध घालतो मग कमी होतो.

कमी म्हणजे किती कमी? तुमच्या मेव्हणीचे कान तुम्हाला माहीत आहेत. घड्याळाचा सेल संपत आला तर ती टिकटिकीवरून ओळखते. बाजाराच्या कोपऱ्यावर कट्‌ कट्‌ झालं तर वळणापर्यंत पोचायच्या आधीच ती उतरेल.

आणि ऑइल वेगळं लागतं म्हणजे, चुकून साधं पडलं तर काय होतं? गोळा फुटतो का? चकत्या झिजल्या हे बाहेरून कळतं, की त्या वळणावरच कळतं? जुन्या गाडीच्या एक्सलला हा जोर सोसेल का? आणि निसरड्यावर दोन्ही चाकं एकदम फिरली तर गाडी बाजूला घसरून दातवाल्याच्या भिंतीत जाणार नाही ना? रागावू नका. माझी झोप उडाली आहे.

तुमचा साडू


२० मार्च

सीटवाले,

गोळा फुटत नाही. आवाज वाढतो. एक्सल सोसेल, तुम्ही काही शर्यतीला चालला नाहीत. घसरण्याचं म्हणाल तर पाय हलका ठेवा. झिजलेलं कसं कळतं ते शेवटी लिहितो.

आवाजाचं कौतुक सांगू नका. यंत्र काम करतं तेव्हा आवाज होतो. माझी बायको काम करते तेव्हाही होतो. तुम्हाला वळण चढायचंय की भजनाला बसायचंय?

खचलेल्या झाकणावर तुमचं आतलं चाक अधांतरी होतं. अधांतरी चाकाला प्लेटांचाच लागतो. हे मी तिसऱ्यांदा लिहिणार नाही.

बसवून झाला की घरी तपासा. गिअरवाल्याच्या शब्दावर जाऊ नका, मी त्या जातीचा आहे, मला माहीत आहे. दोन्ही मागची चाकं उचला, खाली टेकू म्हणून लोखंडी घोडे लावा, गाडी न्यूट्रलमध्ये. एक चाक हाताने पुढे फिरवा. दुसरंही पुढे फिरलं तर लिमिटेड स्लिप खरा आणि ठणठणीत. दुसरं उलटं फिरलं तर झिजलेला, नाहीतर साधाच गोळा रंगवून घातलाय. लहान मुलालाही जमेल, तेव्हा तुम्हालाही जमेल.

साडू


११ एप्रिल

साडूभाऊ,

गोळा बसवला. बुडालो.

आज सकाळी ही बसने गेल्यावर तुम्ही सांगितल्याप्रमाणे गाडी घोड्यांवर घेतली. चाक फिरवायला डाव्या बाजूला बसलो, तर उजवं चाक दिसेना. फिरवून पळत पलीकडे जायचो तोवर ते थांबलेलं. मग रेग्झिनची लाल पट्टी उजव्या चाकाला बांधली आणि जमिनीवर आडवा पडून खालून पाहू लागलो. तेवढ्यात दातवाला फाटकातून आत आला. म्हणे, "आजोबा, पडलात की काय?" मी म्हणालो, "झोपलोय." तो म्हणाला, "थांबा, मी पलीकडे बसतो, तुम्ही फिरवा." आता नको कसं म्हणणार?

मी फिरवलं पुढे. पलीकडून आवाज आला, "मागे!" पुन्हा फिरवलं. "मागेच!" तिसऱ्यांदा तो इतक्या आनंदाने ओरडला, की मला त्याचे सगळे दात गाडीखालून दिसले. हिची अट त्याच्या कानावर गेलीय, जाताना विचारून गेला, गॅरेजला कुलूप माझं लागेल की त्याचं त्याने आणायचं.

नव्या गोळ्याची चाकं उलटी फिरतात. मला फसवलं ना? काय करू ते उलट टपाली कळवा.

तुमचा साडू


१५ एप्रिल

सीटवाले,

फसवलं. शंभर टक्के. साधा गोळा रंगवून घातलाय. तुम्ही त्याच्याबद्दल लिहिलंत तेव्हापासूनच मला त्या खुर्चीतल्या माणसाचा वास येत होता.

जा आणि त्याची कॉलर धरा. आवाज चढवा. त्याच्या गिऱ्हाइकांसमोर सांगा की माझा साडू डेपोचा हेडमिस्त्री होता आणि त्याने चाकं फिरवायला लावली. भिऊ नका. हवं तर मी येतो, पण बसने यायला मला दिवस लागतो आणि तोवर तुमचा राग जाईल.

ताई म्हणते, हे सगळं सोडा आणि तिच्या बहिणीची एकदा माफी मागा. मी तिला सांगितलं, हा यंत्राचा प्रश्न आहे.

साडू


१९ एप्रिल

साडूभाऊ,

गेलो. कॉलर धरायची हिंमत झाली नाही, आणि मान एवढी जाड की कॉलर दिसेचना. पण आवाज चढवला. तुमचं नाव घेतलं. चार गिऱ्हाइकं गोळा झाली. मी म्हणालो, माझी चाकं उलटी फिरतात, मला नवा गोळा म्हणून जुना घातला.

तो पहिल्यांदाच खुर्चीतून उठला. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. पण तो पोट धरून हसायला लागला. म्हणाला, "काका, ही परीक्षा प्लेटांच्या गोळ्याची. तुम्ही घेतलाय दात्यांचा. चाकं हवेत मोकळी असली की तो साध्यासारखाच उलटा फिरतो. चाकं जमिनीवर आली, जोर पडला, की मग त्याचे दाते एकमेकांना धरतात. हेडमिस्त्रींना सांगा, नवीन माल आहे." चारही गिऱ्हाइकं हसली. एकाने मला पाणी दिलं.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. मी दात्यांचा घेतला. तुम्ही प्लेटांचा म्हणाला होतात, मी नाही कुठे म्हणतोय? पण दुकानात उभा राहिलो, तो कट्‌ कट्‌ आवाज आठवला आणि तोंडातून दात्यांचा निघून गेलं. मग लिहायचं राहिलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. एक सांगतो, गाडी अशी गुपचूप वळते की बाजाराच्या कोपऱ्यावर एक कुत्रं उठलंसुद्धा नाही.

तुमचा साडू


२३ एप्रिल

श्रीयुत सीटवाले यांस,

दात्यांच्या गोळ्यात चाकं उलटी फिरतात हे मला माहीत होतं. तुम्ही कुठला घेतला ते लिहिलं असतं तर मी ते सांगितलंच असतं. डॉक्टरला दुखणं पोटाचं सांगायचं आणि दाखवायचा गुडघा, मग डॉक्टर तरी काय करणार?

तुम्हाला माझा सल्ला नकोच होता, तेव्हा आता देत नाही. फक्त एक माहिती कळवतो. दात्यांचा गोळा गुणाकार करतो. हलक्या चाकाला जेवढी पकड मिळते, त्याच्या दोन-तीन पट तो दुसऱ्याला देतो. पण चाक पार अधांतरी असेल तर पकड शून्य, आणि शून्याला कितीने गुणलं तरी शून्य. चौथीत शिकवतात. तुमच्या खळग्यावर चाक अधांतरीच येतं. गाडी अडकणार.

झाकण बदलेपर्यंत मेव्हणीला घेऊन त्या वळणावर जाऊ नका. हे पत्र मिळेपर्यंत गेला असलात तर देव तुमचं आणि दातवाल्याचं भलं करो.

साडू


४ मे

साडूभाऊ,

तुमचं शून्याचं पत्र मागच्या आठवड्यात दुकानात पडलेलं मिळालं. आम्ही आदल्या दिवशीच चढलो होतो.

ठरवून नाही. ही बसथांब्यावर उभी होती, दोन जड पिशव्या. मी गाडी थांबवली. तिनेच दार उघडलं. बसली. म्हणाली, "हीच ती एक वेळ असं समजू का?" मी मान हलवली.

बाजाराचा कोपरा गेला, आवाज नाही. ही कान देऊन ऐकत होती. चढ लागला. वळणावर दातवाला दवाखान्याच्या पायरीवर उभा, हातात चहाचा कप. त्याने आम्हाला पाहिलं आणि कप खाली ठेवला. आणि साडूभाऊ, चाक खळग्यावर आलं आणि फिरायला लागलं. गरगर. तोच वास, तोच धूर. गाडी जागच्या जागी थरथरायला लागली. दातवाला बाह्या सरसावत पुढे येऊ लागला.

ही ओरडली, "अहो थांबवा!" मी थांबवणार तरी काय, घाबरून माझा पाय ॲक्सिलरेटरवरच थिजला होता. मग तिने दोन्ही हातांनी दोघांच्या मधला हँडब्रेक धरला आणि ओढला. तिच्या मनगटात ताकद ती किती, दोन-तीन घरं वर आला असेल. आणि गाडीला कुणी मागून खांदा लावावा तशी ती उचलली गेली! एक हिसका, आणि वळण मागे. आरशात दातवाला नुसताच हात पुढे करून उभा होता, ढकलायला समोर काहीच नव्हतं.

फाटकाशी थांबलो. दोघंही धापा टाकत होतो. ही म्हणाली, "मी ओढला म्हणून चढली." मी म्हणालो, "अगं, ब्रेक ओढल्याने गाडी थांबते, चढत नाही. नव्या गोळ्याने चढवली." ती म्हणाली, "हो का? मग उद्या न ओढता चढवून दाखवा." दाखवायला गेलो. एकटाच. अडकलो. दातवाल्याने ढकललं. दुसऱ्या दिवशी ती बसली, तिने ओढला, चढली. हे काय गौडबंगाल आहे? चढावर ब्रेक लावून गाडी कशी चढते? मला हसू नका.

आणि आता नवीनच पंचाईत. ही रोज गाडीत बसते. मला बाजारात काम असो नसो, पिशवी घेऊन दारात उभी. "माझ्याशिवाय चढणार नाही तुमची गाडी." चढाच्या अलीकडूनच हात हँडब्रेकवर ठेवते आणि मला सूचना देते, जरा डावीकडे घ्या, आता जोर द्या, एवढा नको. परवा सपाट रस्त्यावर स्पीडब्रेकर आला तरी ओढला, मागचा सायकलवाला आमच्या डिकीत येता येता वाचला. दातवाला पुन्हा गाडीची चौकशी करायला आला होता. हिने त्याला दारातूनच सांगितलं, "तुम्हाला नाही जमायची. तुमच्या शेजारी ओढायला कोण बसणार?" बिचारा चहा न घेताच गेला.

गाडी वाचली, पण माझ्या जिवाला घोर लागून राहिला आहे. हिचं मनगट दुखतं, ती सांगत नाही, पण मी तेलाचा वास ओळखतो. गिअरवाला म्हणतो, दात्यांचा परत घेतो आणि प्लेटांचा घालून देतो, मग कुणी काही ओढायला नको. कट्‌ कट्‌ आवाज होईल तो होईल. तुमचं ऐकलं नाही हे चुकलंच माझं. आता तुम्ही सांगाल तसं करतो. बदलू का?

तुमचा साडू


१० मे

सीटवाले,

हसलो. माफ करा. ताईने पत्र वाचताना मधेच चष्मा काढून ठेवला, कारण तिलाही पुढचं वाचता येईना.

गौडबंगाल काही नाही. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. मेव्हणीने तो थोडासाच ओढला, त्यामुळे हवेत फिरणाऱ्या चाकाला धरायला काहीतरी मिळालं. शून्याचं एक झालं, आणि एकाला गुणता येतं. गोळ्याने तेवढ्यावर दुसऱ्या चाकाला ताकद दिली आणि गाडी चढली. तुम्ही म्हणालात गोळ्याने चढवली, ती म्हणाली तिने चढवली. दोघंही बरोबर, ती जरा जास्त. डेपोत मी हे जन्मात कुणाला शिकवलं नाही, कारण मलाच आज कळलं. हे ताईला सांगितलेलं नाही, पण ती वाचतेच आहे.

मनगटासाठी हँडब्रेकची तार आवळून घ्या, म्हणजे थोडं ओढलं तरी पुरेल. सपाट रस्त्यावर ओढू नको म्हणून तिला तुम्ही सांगू नका, ताई सांगेल.

आता बदलायचं विचारलंत. मिस्त्री म्हणून विचारत असाल तर प्लेटांचाच चांगला, मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, आणि अजूनही सांगतो. तो बसवलात की गाडी त्या वळणावरून आपली आपण चढेल. कुणाला शेजारी बसायची गरज उरणार नाही.

म्हणून बसवू नका.

तुमचा साडू